नॉर्वे देशाकडून एक खिडकी

शाळा बघायला बारामती-इंदापूरकडे चालले आहे असं सांगितल्यावर अकोल्याच्या माझ्या भावाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुला आता कितवीत बसवणार आहेत?" त्याचंही खरंच होतं. परदेशातली माणसं रजा काढून येतात ती लग्नाला, नाहीतर दात दाखवायला. पण मी बरीच वर्षं नॉर्वेमधल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत शाळांच्या खर्चाचं काम बघते. कोणत्या शाळेचं छप्पर बदलायचं, कुठे शिक्षक वाढवायचा, हे जिथे ठरतं त्या टेबलांपैकी एक टेबल माझं. आणि कॉलेजातली माझी मैत्रीण सुनंदा इंदापूर तालुक्यात बावड्याजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर फोनवर तिचं एकच पालुपद असायचं, "तुझं टेबल राहू दे बाजूला, माझी शाळा बघायला ये. सव्वीस जानेवारीला ये." या वर्षी गेले. विदर्भात वाढलेल्या मला हा मुलूख नॉर्वेइतकाच नवा होता.

बारामती

बारामतीचं एसटी स्टँड बघून मी चुकून विमानतळावर उतरले की काय असं वाटलं. बाहेर पडून सुनंदाबरोबर गावातून हिंडलो, तर एका कॉलेजची कमान संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू. पाठीवर सॅक, तोंडाला ओढणी बांधलेल्या मुली स्कूटरवरून भुर्रकन जात होत्या. चहाच्या टपरीवर चार पोरं सर्किटचं काहीतरी मांडून भांडत होती आणि टपरीवाला त्यांच्या वायरी सांभाळत चहा गाळत होता. तालुक्याच्या गावात एवढं शिक्षण! आमच्या नगरपालिकेच्या गावात कॉलेज नाही. त्यासाठी मुलं बोटीने आणि मग रेल्वेने जातात. मी तोंड उघडं टाकून बघत होते.

"हे सगळं सरकारने बांधलं?" मी विचारलं.

"काही सरकारने, काही संस्थांनी, काही उसाने," सुनंदा म्हणाली. "उसाचं आमच्या मामंजींना विचार. रात्री जेवायला तिकडेच जायचंय."

पिंपळी

सुनंदाचं सासर पिंपळीचं. तिच्या सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. वय झालेलं असलं तरी माणूस ताठ, आणि पाहुण्याला खाऊ घालण्याच्या बाबतीत अत्यंत निर्दय. संध्याकाळी रानात आगटी करून हुरडा भाजला. गरम दाणे, त्याबरोबर लसणाची चटणी आणि दही. मला वाटलं हेच जेवण. पोट तुडुंब भरल्यावर कळलं की जेवण घरी व्हायचं आहे, बाजरीची भाकरी, काकवी आणि तुरीच्या घुगऱ्यांसकट.

तात्यांना उसाचं विचारलं.

"आमचे वडील कारखान्याच्या सभंला जायाचे," तात्या सांगू लागले. "एका सभंत ठराव आला, की उसाच्या बिलातनं टनामागं थोडं शिक्षणासाठी कापायचं. सगळ्यांनी हात वर केले."

"कुणी विरोध नाही केला?"

"केला की! माझ्या चुलत्यानंच केला. म्हणला, माझा ऊस, माझं बिल, तुमी कोण कापणार? आता त्याचीच नात इंजिनियर झालीया. तवापास्नं चुलता त्या विषयावर काय बोलत न्हाय."

मी ज्या देशात राहते तिथे लोक भरपूर कर भरतात. पगार हातात येण्याआधीच तो कापला जातो, आणि त्यातून शाळा चालतात. पण तो कर लावणारं सरकार असतं. इथे अंगठे उठवणाऱ्या माणसांनी एकत्र बसून, हात वर करून, आपला आपल्यावर कर लावून घेतला होता, आणि तोही न बघितलेल्या नातवंडांच्या शाळेसाठी. मी तात्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "टॅक्स बिक्स आमाला काय कळत न्हाय. भाकरी घ्या." आणि चौथी भाकरी वाढली.

सोमेश्वरनगर

दुसऱ्या दिवशी तात्यांनी जीपमधून सोमेश्वरनगरला नेलं. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, आणि ट्रॅक्टरवर असं गाणं की जणू वरात चालली आहे. हवेत मळीचा तो आंबूस गोड वास. मला तो वास आवडला, हे ऐकून तात्यांना माझी काळजी वाटू लागली.

कारखान्याच्या पुढे माळावर ऊसतोडणी करणाऱ्यांच्या कोप्या होत्या. पाचटाच्या, ओणवं होऊन आत शिरायच्या. आईबाप फडात गेलेले आणि काही मुलं तिथेच खेळत होती.

"ही शाळेत?" मी विचारलं.

"काय जण गावाकडं आज्जीपाशी ऱ्हात्यात, शिकत्यात. काय हितल्या शाळंत जाऊन बसत्यात. आन् काय अशीच," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "हंगाम संपला की परत मराठवाड्याकडं."

आमच्याकडे मूल एका गावातून दुसऱ्या गावात राहायला गेलं की त्याच्या शिक्षणाचा पैसा त्याच्या मागोमाग जातो. ते कागद मीच फिरवते. कंटाळवाणं काम आहे, मी नेहमी कुरकुरत करते. त्या माळावर उभं राहून पहिल्यांदा मला माझं ते कंटाळवाणं काम फार मोठं वाटलं. बालवाडीच्या वयाची एक मुलगी उसाचं कांडं घेऊन आली आणि मला देऊन पळाली. कांडं सोलायला दात लागतात आणि माझे दाखवायला नेण्याच्या अवस्थेतले, त्यामुळे ते मी तसंच पिशवीत ठेवलं.

इंदापूरच्या वाटेवर

सुनंदा राहते इंदापुरात. जाताना तिने गाडी मुद्दाम वाकड्या वाटेने उजनीच्या फुगवट्याकडे घातली. पाणी एवढं, की पलीकडचा काठ धूसर. नावाड्याने आम्हाला आत नेलं आणि नाव थांबवून बोट दाखवलं. लांबवर पाण्यात गुलाबी पट्टा होता. तो पट्टा हलला, उठला, आणि शेकडो रोहित पक्षी डोक्यावरून गेले, पंखांच्या आतला लालभडक रंग उघडा करत. मी मान मागे टाकून बघत राहिले. सुनंदा म्हणाली, "दर वर्षी येतात. त्यांना कुणी खर्च देत नाही." किनाऱ्यावर तळलेली चिलापी खाल्ली. काटा घशात अडकला, तो काढायला नावाड्याच्या बायकोने सुकी भाकरी गिळायला लावली, आणि मी वाचले.

बावड्याजवळची वस्ती

वस्ती बावड्यापासून आत, उसातून जाणाऱ्या रस्त्यावर. शाळेच्या दोन खोल्या, चार वर्ग. भिंतींवर पाढे आणि नकाशा रंगवलेला, दारात जास्वंद. पहिल्याच नजरेत भरली ती नावं. पंख्याच्या पात्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, कपाटावर, घड्याळावर, घंटेवरसुद्धा. जे जे गावकऱ्यांनी दिलं, त्यावर देणाऱ्याचं नाव ऑइलपेंटने लिहिलेलं. पंखा सुरू झाला की नाव दिसेनासं होतं. म्हणून पंखा देणारे गृहस्थ शाळेत आले की पंखा बंद करतात, असं सुनंदाने सांगितलं.

सरकार काही देत नाही असं अजिबात नाही. सुनंदाचा पगार, पुस्तकं, गणवेश, दुपारची खिचडी, सगळं सरकारचं. पण जिल्ह्यात अशा शाळा किती, आणि प्रत्येकीला काही ना काही हवं. गरीब देश शिक्षणाला मनापासून वाटा काढतो, पण मुळात परातच लहान आणि पंगत लांबलचक. आमच्याकडे परात मोठी आणि पंगतीला चार पोरं. आमच्या हद्दीत एक बेट आहे, तिथल्या शाळेत मुलं इतकी थोडी की वर्गाच्या फोटोला एक बाक पुरतो. त्या शाळेचं छप्पर आम्ही बदललं. पालकांना ते कळलं कामगार शिड्या घेऊन आल्यावर. कुणी मागितलं नव्हतं, कुणी आभार मानले नाहीत. तेवढ्या खर्चात सुनंदाची शाळा कितीदा बांधून झाली असती याचा विचार मनात आला आणि मी तो पुढे जाऊ दिला नाही.

वस्तीवरच्या शाळेचं अडलं होतं एका खोलीवर. इथे शाळा चौथीपर्यंत. पाचवीला बावड्याच्या मोठ्या शाळेत जायचं तर तो उसाचा रस्ता, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच फड आणि हंगामात ट्रॉल्यांची रांग. मुलगे सायकलवर जातात. मुलींना घरचे धाडत नाहीत.

"शिक्षण खात्याचं सायेब म्हणले, खोली दावा, जूनला पाचवी देतो," आबांनी सांगितलं. आबा म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. पांढरी टोपी, घोगरा आवाज, आणि माइकवर जिवापाड प्रेम. "खोलीचा सरकारी प्रस्ताव बी गेलाय. नंबर आला की हुईल. पर पोरी काय नंबर येस्तवर चौथीत ऱ्हात्यात व्हय?"

म्हणून वस्तीनेच खोली काढली होती. भिंती उभ्या होत्या, वर फळ्या ठोकून सळई बांधलेली होती. राहिला होता स्लॅब. सव्वीस जानेवारीला माइकवर जी देणगी जाहीर होईल त्यातून तो पडणार होता.

त्या संध्याकाळी अंगण सारवायला एक बाई आली होती, मालन तिचं नाव. रानात खुरपायला जाणारी, हडकुळी, भराभर काम करणारी. तिच्याबरोबर चौथीतली अश्विनी. सुनंदाने मला हळूच सांगितलं की वर्गात तिच्याइतकं वाचणारं कुणी नाही. मी मालनला म्हटलं, "हुशार आहे हो मुलगी."

"थोरली बी हुशार हुती," मालन म्हणाली. "चौथीनंतर रस्त्यापायी घरी बसली. आता माझ्यासंगं खुरपायला येती." तिने उभ्या भिंतींकडे बघितलं. "हिचं हितं झालं तर शिकंल. न्हायतर हाईच खुरपं."

मला राहवेना. मी आबांना बाजूला घेऊन म्हटलं, "स्लॅबचं सगळं मी देते."

आबा हसले. "ताई, समदा स्लॅब तुमीच दिला, तर उद्या आमी माइकवर काय वाचायचं?"

"अहो, पण काम तर होईल!"

"काम हुईल, पर शाळा ऱ्हाईल तुमची. आन् तुमी ऱ्हाणार साता समुद्रापल्याड. पावसाळ्यात गळाय लागली तर कोण चढणार वर? तुमी असं करा, एक खिडकी द्या."

खिडकी तर खिडकी. "पण माझं नाव नको," मी म्हटलं.

आबांचा चेहरा असा झाला, जणू मी खोटी नोट दिली असावी. मी समजावून सांगितलं. आमच्याकडे शाळेला पालकांकडून सहलीचे पैसेही मागता येत नाहीत. कुणाला आपणहून काही द्यायचंच असेल तर कुणी किती दिलं हे कळू द्यायचं नाही, म्हणजे कुठल्याच मुलाला आपले आईबाप कमी आहेत असं वाटत नाही. आबांनी लक्ष देऊन ऐकलं.

"ते तितलं बरुबर असंल," ते म्हणाले. "पर हितं बिगर नावाचं घेत न्हाय. माइकवर नाव घेतलं की माणूस अडकतो. औंदा ज्यानं सिमेंट दिलं, त्याला पुढल्या साली धरता येतं, की बाबा, शाळा तुझी, मंग तुझी पोरगी घरी का? असं अडकवून अडकवून ही शाळा चाललीया."

मला वाटलं होतं ती नावं हौसेपोटी लिहिलेली आहेत. मी पुन्हा एकदा पंख्याकडे, टाकीकडे, घंटेकडे बघितलं. तरीही माझा हेका मी सोडला नाही. नाव नको म्हणजे नको.

सव्वीस जानेवारी

सकाळी झेंडावंदन झालं, लेझीम झाली. अश्विनीने एका दमात भाषण केलं आणि शेवटी श्वास घ्यायला विसरल्यामुळे तिला उचकी लागली. मग जिलेबीची टोपली आली आणि आबांनी माइक हातात घेतला.

"दगडू आण्णा यांच्याकडून सिमेंट! टाळ्या!" आण्णा उठून हात जोडत. "शिवाजीराव यांच्याकडून खडी! टाळ्या!" कुणी वाळू दिली, कुणी मिक्सर मशीन, कुणी स्लॅबच्या दिवशीचं जेवण. नाव येईल तसा माणूस उभा राही, आणि त्याची पोरं मान उंच करून आजूबाजूला बघत. "मालन दत्तात्रय यांच्याकडून स्लॅबच्या कामाला एक दिवस!" मालन उभी राहिली. टाळ्या तेवढ्याच झाल्या, एकही कमी नाही.

मग आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आबा अडले. बिगर नावाचं वाचायचं नाही आणि पाहुणीचा शब्द मोडायचा नाही. दोन क्षण माइक नुसता खरखरला.

"आन्... नॉर्वे देशाकडून एक खिडकी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक माजी सैनिक खुर्चीतून उठले आणि त्यांनी मला कडक सलाम ठोकला. सकाळपासून जयजयकार करून तापलेली पोरं ओरडली, "नॉर्वे देश की जय!" मी पडले नगरपालिकेची नोकरदार. आमच्या राजाला न विचारता त्याच्या वतीने मी बावड्यात खिडकी दिली होती. मी सुनंदाला म्हटलं, "अगं, थांबव त्यांना!" ती पदरात तोंड खुपसून हसत होती. जिलेबीवाल्याने देशाच्या मानाने मला दोन जिलेब्या जास्त वाढल्या.

स्लॅबचा दिवस

परतीचं तिकीट मी पुढे ढकललं. स्लॅब पडताना बघायचाच होता. बघायला गेले आणि रांगेत उभी राहिले. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या. पहिलंच घमेलं माझ्या हातून निसटून गवंड्याच्या पायाशी पडलं आणि तो म्हणाला, "नॉर्वे, जरा दमानं!" तेव्हापासून माझं नाव नॉर्वेच पडलं. दुपारपर्यंत रेटलं, मग कमरेने राजीनामा दिला. मी लिंबाखाली जाऊन बसले. मालन मात्र उन्हात चढ-उतर करतच होती.

जेवायला ती माझ्याशेजारी बसली. आमटी-भात आणि लापशी. तिने विचारलं, "तुमच्याकडं बी असाच स्लॅब पडतो का वो शाळंचा?"

"नाही. वर्षातून एकदा पालक जमून शाळेचं अंगण झाडतात, केक खातात. बाकी सगळं सरकार करतं. श्रीमंताच्या गावात करतं तसंच मच्छीमाराच्या बेटावरही."

"म्हंजी पोरीच्या आईला कुठं बी हात जोडायला लागत न्हाईत?"

"नाही."

मालनचा घास हातातच राहिला. उजनीवर पक्षी उडाले तेव्हा माझा चेहरा जसा झाला असेल, तसा तिचा झाला होता. "लई भारी देश हाय," ती म्हणाली. मग विचारलं, "हितं बी व्हईल का असं?"

मी शाळांच्या खर्चाची जाणकार. "माहीत नाही मालनताई," मी म्हटलं.

"व्हईल तवा व्हईल," ती म्हणाली आणि पत्रावळ उचलून उठली. "तवर ह्या स्लॅबला पाणी मारायला पायजे. वाळला तर तडकंल."

परत आल्यावर

मी माझ्या टेबलाशी परतले. एकदा कामानिमित्त त्या बेटावरच्या शाळेत गेले. उबदार वर्ग, नवं छप्पर, कोऱ्या भिंती. कुठेही नाव नाही. पूर्वी ती कोरी भिंत माझ्या डोळ्यांना दिसायचीच नाही. आता वाटलं, केवढं हे! ज्यांनी कधी हे बेट पाहिलं नाही अशा बसचालकांचं, नर्सांचं, कोळ्यांचं, आणि थोडं माझंही, सगळ्यांचं मिळून हे छप्पर, आणि इथल्या एकाही आईला उन्हात चढावं लागलं नाही. आणि तरी माझे कान आबांचा माइक शोधत होते.

जुलैमध्ये सुनंदाचा फोटो आला. पाचवी सुरू झाली होती. खिडकीच्या चौकटीवर ठळक अक्षरांत, "नॉर्वे देश यांजकडून". आमच्या कार्यालयात अजून मी तो कुणाला दाखवलेला नाही.

दुसरा फोटो दाराचा होता. ज्यांनी अंगमेहनत दिली त्यांची नावं पेंटरने दाराच्या बाजूला एकाखाली एक लिहिली होती आणि प्रत्येकापुढे "एक दिवस". सगळ्यात खाली माझं नाव, अकोल्याच्या माहेरच्या आडनावासकट. आबांनी शेवटी अडकवलंच. पुढे लिहिलं होतं, "अर्धा दिवस".

मी फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. तेव्हा मधल्या एका ओळीवर लक्ष गेलं. "मालन दत्तात्रय, एक दिवस." त्यापुढे ऑइलपेंट नव्हता, खडू होता, आणि अक्षर पाचवीतलं: "नंतर रोज पाणी मारलं."

सुनंदाने खाली लिहिलं होतं, अश्विनीने लिहिलंय, मी पुसलेलं नाही. खडू पावसाने जातो, म्हणून ती दर सोमवारी पुन्हा लिहिते.